हो, वाचलंय की

परवापासून स्वतःचंच एक वाक्य डोक्यातून जाईना झालंय. "हो, वाचलंय की. शेवटी तो त्या सावलीला मारतो, तेच ना?"

एवढंच बोललो मी. आक्काकडं जेवणं झाली होती, हातात बडीशेप होती, पियू सोफ्यावर पाय वर घेऊन पुस्तक वाचत बसलेली. मला कव्हर दाखवून म्हणाली, मामा, तू हे वाचलंयस का? 'अ विझर्ड ऑफ अर्थसी', उर्सुला ले ग्विन. मागच्या पानावरचा मजकूर तिनं आधीच वाचून दाखवला होता, त्यात सावली मागं लागते वगैरे होतं, त्यावरून मी ठोकून दिलं. तिनं "अच्छा" म्हणून पान उलटलं. विषय संपला.

आता यात काय एवढं, कुणाचं काय नुकसान झालं? पण येताना सात रस्त्याच्या सिग्नलला गाडी थांबली आणि एकदम कान गरम झाले. "नाही वाचलं." दोन शब्द होते. पियू उलट म्हणाली असती माझं झालं की तुला देते. चौदा वर्षांच्या पोरीसमोर मला कसली अब्रू सांभाळायची होती?

खरं तर माहितीये कसली. पुण्याहून परत येऊन दीड वर्ष होत आलं. दाजी "मग, पुढं काय?" म्हणाले की आक्का लगेच माझ्या ताटात अजून एक भाकरी टाकते, मला नको असली तरी. ते जाऊ दे. पण त्या घरात माझ्या नावावर आता एवढंच उरलंय, मामा लई वाचतो. तेवढं तरी राहू द्या म्हणून बोललो असेन. म्हणजे असं मला आज वाटतंय, त्या वेळी तर काही वाटलंच नव्हतं, तोंडातून आपोआप निघालं, हेच जास्त लागलंय.

मग त्याच रात्री मोबाईलवर पुस्तक विकत घेतलं आणि चोरासारखं पांघरुणात वाचायला बसलो. १९६८ चं पुस्तक आहे, पोरांसाठी लिहिलेलं. गेड नावाचा बकऱ्या राखणारा पोरगा, अंगात जबरदस्त जादू. पुढं जादूच्या शाळेत जास्पर नावाचा एक गुळगुळीत बोलणारा श्रीमंत पोरगा त्याला डिवचतो, हा इरेला पेटून मेलेल्या राणीला बोलावतो आणि त्या फटीतून ती सावली येते, याचा चेहरा फाडते, ती फट बुजवताना म्हातारे मुख्य गुरू जिवानिशी जातात. पुस्तकातला मोठा प्रसंग तोच.

पण मी अडकलो त्याच्या आधी. शाळेत जायच्याही आधी कुरणात एक मुलगी भेटते, विचारते तुला मेलेल्यांना बोलावता येतं का, रूप बदलता येतं का. त्याला येत नसतं. आणि ते म्हणवत नाही. घरी जाऊन गुरूची पोथी चोरून उघडतो आणि दाराशी काहीतरी काळं उभं राहतं. जास्परचं नंतर. सुरुवात इथं आहे, एका पोरीनं साधं विचारलं आणि याला नाही म्हणता आलं नाही. मोबाईल पालथा ठेवून बराच वेळ फॅनकडं बघत पडलो होतो.

तो गुरू मात्र भारी आहे, ओगियन. भूकंप शांत करणारा माणूस, पण पाऊस आला तर झाडाखाली गुपचूप भिजत झोपतो, पाऊस वळवत नाही. गेड चिडतो की मग जादू कशाला शिकायची. (आपल्या सोलापुरात असला कुणी आला तर त्याला पाऊस वळवायला लावतील, पण आपल्याकडं.)

काल संध्याकाळी सिद्धेश्वर तलावाच्या कडेनं चालत होतो. अज्जी सांगायची ती गोष्ट आठवली, आपल्या सोलापूरचे सिद्धरामेश्वर हा तलाव खोदून घेत होते तेव्हा अल्लमप्रभू नावाचे कर्नाटकातले संत आले आणि कामावरच्या लोकांना म्हणाले, कुठंय तुमचा तो माती उपसणारा? लोकांनी दगड मारले. मग सिद्धराम स्वतः आले, रागानं तिसरा डोळा उघडला, आणि अल्लमांना काहीच झालं नाही. अज्जी कन्नडमधून सांगायची, इथं आली की हसायची. लहानपणी मला वाटायचं चूक त्या अल्लमांची, एवढं मोठं काम करणाऱ्याला कशाला टोचायचं? काल वाटलं, बाराव्या शतकात एवढा तलाव बांधलेला माणूस चिडला तर निदान चिडायला तलाव तरी होता. माझ्याकडं काय, तर एक न वाचलेलं पुस्तक.

स्वतःचंच हसू आलं मग. मोठ्यानं आलं, बाजूला चुरमुरे खाणाऱ्या काकांनी बघितलं.

रात्री पुस्तक संपलं. मारत नाही तो सावलीला! समुद्राच्या पार टोकाला जाऊन तिच्यासमोर उभा राहतो, ती याचं नाव घेते, हा तिचं नाव घेतो, एकाच वेळी, आणि दोन्ही नावं एकच, गेड. म्हणजे मी खोटं तर बोललोच, वर उत्तरही चुकलं. कॉपी करून नापास. आणि पियू तेव्हा अर्ध्यात होती, म्हणजे कधी ना कधी शेवटाला पोचणारच.

पोचली. आज दुपारी मेसेज, "मामा, तू कुठली एडिशन वाचलेलास?" खाली दात काढणारी ती पिवळी बाहुली.

आधी टाईप केलं, अगं लई वर्षं झाली, विसरलो असेन. डिलीट. मग लिहिलं, पिक्चर बघितला होता बहुतेक. तेही डिलीट, पिक्चर पण कुठं बघितलाय. तेवढ्यात खाली नळाला पाणी आलं, चार दिवसांनी, आई ओरडायला लागली, मोटर लावून बॅरल भरून ओल्या हातानंच लिहिलं, "वाचलं नव्हतं. काल रात्री संपवलं."

निळ्या टिका आल्या. टायपिंग. थांबलं. परत टायपिंग.

"माहितीये रे. आई विचारतीय शेंगाची चटणी संपली का, पाठवू का अजून."