आरशाच्या दोन्ही बाजूंना दिवे: आमच्या बाथरूमचा अनुभव

बाबा अजून ब्लेडने दाढी करतात. वय अठ्ठ्याहत्तर, हात अगदी स्थिर. तरी गेली काही वर्षं हनुवटीखाली किंवा गळ्यापाशी कुठेतरी कापलेलं असायचंच. तुरटी फिरवायची आणि विषय बंद, हा त्यांचा स्वभाव. कोथरूडच्या आमच्या जुन्या फ्लॅटमध्ये बाथरूमला दिवा एकच, आरशाच्या वर, जवळजवळ छताला टेकलेला. त्याच्याखाली उभं राहिलं की कपाळ आणि नाकाचा शेंडा लख्ख, पण डोळ्यांच्या खोबणी, नाकाखालची जागा आणि हनुवटीखालचा सगळा भाग काळोखात. ब्लेड जिथे जपून फिरवायचं, नेमका तिथेच उजेड नव्हता. त्यात वय वाढलं की डोळ्याची बाहुली लहान होत जाते, आत जाणारा प्रकाशच कमी होतो. तरुण माणसाला जो उजेड पुरतो तो त्यांना पुरत नाही.

खालच्या मजल्यावर ओल उतरायला लागली आणि बाथरूम पूर्ण फोडून नवं करणं भाग पडलं. टाइल्स, नळ, कमोड हे सगळं घरच्यांनी वाटून घेतलं. आरसा आणि दिवे मी मागून घेतले.

ठेकेदाराच्या नकाशात आरशावर एक पॉइंट आणि छताच्या मध्यावर एक डाउनलाइट होता. बहुतेक घरांत हेच असतं. छताच्या मधला दिवा तर आरशासमोर उभ्या माणसाच्या पाठीमागे येतो, म्हणजे आपलीच सावली आपल्या चेहऱ्यावर. आरशात आपण चेहरा बघतो, तेव्हा उजेड पडायला हवा चेहऱ्यावर, आणि तोही समोरून, दोन्ही बाजूंनी सारखा. एका बाजूचा दिवा जी सावली पाडतो ती दुसऱ्या बाजूचा पुसतो. वरच्या एकट्या दिव्याला हे जमत नाही. वर द्यायचाच असेल तर तो निदान दोन फूट लांब आडवा हवा, आणि साडेसहा फुटांच्या आसपास हवा, छतापाशी नको.

हे पटलं होतं, पण भिंत फोडण्याआधी करून बघायचं ठरवलं. दोन फुटी एलईडी बॅटन, म्हणजे ट्यूबसारखे सरळ दिवे, आणल्या, पॅसेजमधून वायर ओढली, बाथरूम पूर्ण कोरडं ठेवलं. एक मी धरली, एक मुलाने. बाबा जुन्या आरशासमोर उभे राहिले आणि मान वर करून, गाल ओढून, रोजच्यासारखी दाढीची सगळी हालचाल करत सांगत गेले. दिवे वर सरकवले की हनुवटीखाली पुन्हा सावली. फार खाली आणले की उजेड खालून वर येतो आणि डोळ्यांखालच्या सुरकुत्या उगाच ठळक होतात. फार लांब लांब धरले की गाल उजळतात, पण नाकाच्या दोन्ही कडा आणि वरचा ओठ मंद. अंतर कमी करत आणलं तेव्हा एका जागी बाबा म्हणाले, "आता बरोबर. इथला खड्डासुद्धा दिसतोय." तिथेच भिंतीवर पेन्सिलने खुणा केल्या. ज्यांना दिव्याची जागा ठरवायची आहे त्यांनी हे नक्की करून बघावं. कागदावरचं कुठलंच माप त्या घरातल्या माणसांच्या उंचीचं नसतं.

तरीही आकडे सांगते, कारण आम्हालाही सुरुवातीला आकडेच हवे होते. बाजूचे दिवे साधारण डोळ्यांच्या उंचीला हवेत. त्यासाठी दिव्याचा मध्य जमिनीपासून ६० ते ६६ इंच धरतात, आणि दोन दिव्यांत २८ ते ४० इंच अंतर. आमच्या घरात बाबांचे डोळे साडेबासष्ट इंचांवर, माझे साडेपंचावन्नवर, आईचे त्याहून थोडे खाली. गोल दिवा लावला असता तर एकाला सोयीचा आणि दुसऱ्याला गैरसोयीचा झाला असता. म्हणून उभा, दोन फूट लांबीचा दिवा घेतला आणि त्याचा मध्य ६० इंचांवर ठेवला. तो ४८ पासून ७२ इंचांपर्यंत पसरतो, त्यामुळे घरातला प्रत्येक चेहरा त्या पट्ट्यात येतो. घरात उंचीचा फरक असेल तर उभा दिवाच घ्यावा, या मतावर मी ठाम आहे.

आमची खरी अडचण रुंदीची होती. बेसिनच्या भिंतीला डावीकडे कोपरा आणि उजवीकडे दाराची चौकट, मध्ये ४२ इंच. मनात तीन फुटी आरसा होता. तो लावला तर बाजूला तीन-तीन इंच उरतात, दिवे चौकटीला आणि कोपऱ्याला चिकटतात. आरसा २० इंचांचा केला, दोन्हीकडे तीन-तीन इंच जागा सोडली आणि मग दिवे. त्यांच्या मध्यांतलं अंतर २८ इंच आलं, म्हणजे अगदी खालच्या मर्यादेवर, पण आत. आरसा छोटा झाल्याचं सुरुवातीला सगळ्यांना वाईट वाटलं. पण चेहरा बघायला वीस इंच पुष्कळ होतात, आणि उंचीला आम्ही कंजुषी केली नाही.

मधल्या काळात दोन पर्याय डोकावून गेले. एक म्हणजे आतच एलईडी असलेला, स्पर्शाने लागणारा आरसा. दुकानात फार देखणा दिसतो. मात्र त्यात दोन प्रकार असतात. काहींत पट्टी आरशाच्या मागे असते आणि उजेड भिंतीवर पसरतो. आरशाभोवती सुंदर वलय दिसतं, चेहऱ्याला त्याचा फारसा उपयोग नाही. काहींत काचेच्या पुढच्या बाजूला दुधी पट्टा असतो, तो कामाचा. आम्ही तोही घेतला नाही, कारण आतली पट्टी किंवा तिला वीज पुरवणारा ड्रायव्हर गेला तर सगळा आरसाच उतरवावा लागतो. दुसरा पर्याय आरशाच्या दाराचं कपाट. त्याची खोली चार-पाच इंच असते, आणि भिंतीवरचा बाजूचा दिवा फार तर तीन इंच पुढे येतो. कपाटाची कडाच उजेड अडवते. कपाट भिंतीत पूर्ण बसवता आलं असतं तर गोष्ट वेगळी होती. आमच्या भिंतीत तेवढी जाडी नव्हती. औषधं आणि टूथपेस्टसाठी बाजूच्या भिंतीत कोनाडा काढला.

वायरमनशी चर्चा बराच वेळ चालली. "ताई, सगळे वरतीच एक पॉइंट घेतात. दोन बाजूंना दोन झिऱ्या मारायच्या, दोन पाइप, टाइलला दोन भोकं. कशाला?" मी त्यांना जुन्या आरशासमोर उभं केलं आणि दोन्ही बॅटन लावून दाखवल्या. त्यांनी हनुवटीवरून हात फिरवला, मान वळवून बघितली आणि विचारलं, "दिवे कुठल्या कंपनीचे घेणार? आधी आणा. वायर मागून कुठून निघते ते बघूनच मी पॉइंट काढतो." ही त्यांची सूचना सगळ्यात मोलाची ठरली. लांब दिव्यांमध्ये वायरचं भोक दर वेळी मध्यावर नसतं, कधी एका टोकाकडे असतं. पॉइंट आधी काढला आणि दिवा नंतर आणला तर दिवा सहा इंच वर किंवा खाली जातो, किंवा वायर बाहेरून दिसत राहते.

म्हणून झिऱ्या मारण्याआधी बुधवार पेठेत, विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीत गेलो. आईने पर्समध्ये हळदीकुंकवाचा करंडा घेतला होता. तिने मनगटावर हळदीकुंकवाचं बोट ओढलं आणि एका दुकानदाराने त्यावर एकेक दिवा लावून दाखवला. केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगछटेचं माप. ६५०० केल्विनच्या निळसर पांढऱ्या, साध्या दिव्याखाली कुंकू मळकट, विटकरीकडे झुकलेलं दिसलं आणि हाताची कातडी फिकट. ३००० चा पिवळसर दिवा छान वाटला, पण हळद आणि त्वचा त्यात एकमेकांत मिसळून गेली. ४००० केल्विनचा, सीआरआय ९० च्या वरचा दिवा लागला तेव्हा आई लगेच म्हणाली, "हा. हा आपल्या गॅलरीतल्या सकाळसारखा आहे." सीआरआय म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचं माप. त्यात एक खोच आहे: नेहमीचा आकडा आठ सौम्य रंगांची सरासरी असतो, गडद लाल त्यात धरलेलाच नसतो. लालसाठी आर ९ हा वेगळा आकडा असतो, आणि सीआरआय ८० च्या दिव्यात तो जवळजवळ शून्यही असू शकतो. कुंकू, ओठ, त्वचेवरची लाली, कापलेली जागा हे सगळं लालच, म्हणून आरशासाठी हा आकडा विचारावाच. दुकानदाराने खोक्यावर शोधून दाखवला. दिव्याचं आवरण दुधी घेतलं. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, उघडे एलईडीचे ठिपके त्यांच्या डोळ्यांना सहन होत नाहीत.

पाण्याचा विचार वेगळा करावा लागला. आपल्याकडे बाथरूममध्ये बादली, तांब्या, शॉवर सगळं एकाच जागेत. शॉवरच्या कक्षेबाहेर दोन फुटांपर्यंतचा पट्टाही तुषारांचा धरतात. आमचा आरसा त्याच्या पलीकडे येतो, तरी आयपी ४४ चे, म्हणजे सगळ्या बाजूंनी उडालेलं पाणी सोसणारे दिवे घेतले. दिव्यांचं अंग धातूचं, त्यामुळे दीड एमएमच्या फेज आणि न्यूट्रलबरोबर अर्थिंगची वायर दोन्ही पॉइंटला ओढायला लावली. घराच्या मुख्य बोर्डात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच, नव्हती, ती याच वेळी बसवली. स्विच दाराबाहेर, आणि बाजूच्या दिव्यांचा स्विच छताच्या दिव्यापासून वेगळा. छताचा दिवा मध्यावरून अंघोळीच्या बाजूला सरकवला.

उंची मोजताना तयार फरशीपासून मोजणं महत्त्वाचं. फोडलेल्या बाथरूममध्ये जमीन कच्ची असते; वॉटरप्रूफिंग, भर, उतार आणि टाइल मिळून आमच्याकडे ती अडीच इंच वर आली. गवंड्याने आधी तयार फरशीची लेव्हल काढून, तिच्यापासून एक मीटरवर सुताने सगळ्या भिंतींवर रेघ मारली, आणि दिव्यांची मापं त्या रेघेपासून घेतली. टाइलचे सांधेही तेव्हाच बघून घेतले. भोक टाइलच्या अगदी कडेला आलं तर ती तडकते, म्हणून पहिली टाइल कुठून सुरू करायची हे दिव्यांच्या पॉइंटवरून ठरलं. टाइल फिकट रंगाची निवडली आणि बेसिन पांढरं. पांढऱ्या बेसिनवरून परतणारा उजेड हनुवटीखाली जातो, त्याची मोठी मदत होते.

बसवताना दिव्याच्या वरच्या कडेला आणि दोन्ही बाजूंना सिलिकॉन भरलं, खालची कड मोकळी ठेवली, म्हणजे आत दमटपणा साठला तर निघून जाईल. पहिल्यांदा दिवे लावले तेव्हा मोबाइलचा कॅमेरा स्लो मोशनवर धरून बघितला. दिवा लुकलुकत असेल तर त्यात पट्टे सरकताना दिसतात. दिसले नाहीत.

बाबांची तुरटी आता क्वचित लागते. ते मान वर करतात तेव्हा गळ्याचा प्रत्येक केस दिसतो, असं त्यांनीच सांगितलं, आणि मला ते ऐकून फार बरं वाटलं. वरच्या मजल्यावरच्या काकूंचं बाथरूमही आता निघणार आहे, त्या मापं लिहून घेऊन गेल्या. त्यांना मी अजून एक गोष्ट दिली: टाइल लावण्याआधी मेजरटेप भिंतीला धरून काढलेले पाइपांचे फोटो. असे फोटो त्यांनीही काढावेत म्हणून दाखवले. आमच्या फोटोंची छापील प्रत एमसीबीच्या दाराच्या आत चिकटवलेली आहे, आणि टॉवेलचा दांडा लावायला आलेल्या माणसाने ड्रिल काढण्याआधी तीच बघितली.