माइक मामांच्या खांद्यावर

कोल्हापूरजवळ शिरोलीच्या एमआयडीसीतली एक फाउंड्री, म्हणजे ओतकामाचा कारखाना. कामगारांच्या कानावर किती आवाज पडतो, ते मोजायला मी गेलो होतो. मॅनेजरसाहेबांचं आधीच ठरलेलं होतं की आवाज म्हणजे फेटलिंग, म्हणजे ओतलेला माल (कास्टिंग) घासून साफ करायचा विभाग. तसं ते खरंही होतं. कास्टिंगवर ग्राइंडर चालू असला की शेजारच्याशीसुद्धा ओरडूनच बोलावं लागतं. तिथल्या पोरांना डोसिमीटर, म्हणजे अंगावर बाळगायची आवाज मोजायची यंत्रं, लावून झाले. एक शिल्लक होता, तो मी मोल्डिंगकडच्या, म्हणजे वाळूचे साचे करतात तिथल्या, हेल्पर मामांना लावायला घेतला.

"तिथं कशाला? मागच्या रिपोर्टात 88 आहे," मॅनेजर म्हणाले. आठ तासांची मर्यादा 90 डेसिबल, म्हणजे कागदावर पास.

मामांना मात्र यंत्राचाच संशय. "साहेब, ह्यात आमचं बोलणं टेप व्हतंय काय?"

"नाही मामा. आवाज किती मोठा, तेवढंच ह्याला कळतं."

यंत्र तपासायला ठरावीक 114 डेसिबलचा आवाज देणारा कॅलिब्रेटर लावला, आकडा बरोबर आला. माइक खांद्यावर कानाजवळ अडकवला आणि वायर शर्टाच्या आतून घेतली.

शिफ्ट सुटल्यावर यंत्रं लॅपटॉपला जोडली. ग्राइंडरवाल्यांचे आकडे जास्त येणार होतेच, ते आले. धक्का दिला मामांनी: डोस 150 टक्के, म्हणजे दिवसाच्या कोट्याच्या दीडपट. ग्राफवर आवाज बराच वेळ 90च्या आसपास रेंगाळत होता, आणि मधेच एकदम 100वर जाऊन बसत होता.

"मामा, ह्या वेळेला काय करत होता?"

"साच्याच्या पेट्या झाडत हुतो की!"

त्यांनी पेट्यांतली वाळू हवेनं उडवायची एअर गन दाखवली. तिचं नोझल कधीच हरवलेलं. त्या जागी हातोडीनं चेपलेला पाइपचा तुकडा, तारेनं आवळून बांधलेला. हवा सहा किलोच्या पूर्ण प्रेशरनं. (ती वाळू उडून नाकातोंडात जाते, ते दुखणं आणखी वेगळं.)

मागच्या वेळी मीटर स्टँडवर लावून वाटेत उभा केला होता. तो जागेचा आवाज सांगतो, आणि गन बंद असताना तिथं 88 येणारच. मामा दिवसभर कुठं कुठं फिरतात, ते स्टँडला कसं कळावं?

मॅनेजरना हिशेब कागदावर मांडून दाखवला. आपल्या नियमांत दर 5 डेसिबलला वेळ निम्मा होतो: 95ला चार तास, 100ला दोन. मामांचे 100वरचे दोन तास म्हणजे सगळा कोटा तिथंच संपला. मशीनला खेटून 90मध्ये काढलेले चार तास म्हणजे आणखी अर्धा. झाले दीडशे. अमेरिकेच्या नायोश संस्थेचा हिशेब तर 85पासून सुरू होतो आणि दर 3 डेसिबलला वेळ निम्मा करतो. त्यात 100 डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं मिळतात. माझ्या मते शहाणपणाचा आकडा तोच, कारण 3 डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते.

"इअरप्लग दिलेत आम्ही."

दिले होते खरे. मामांच्या गळ्यात दोरीला लोंबत होते. "घातलं की क्रेनची घंटी ऐकू येत न्हाई," मामा म्हणाले. हे खोटं म्हणायला माझी जीभ रेटली नाही.

कमी आवाजाचं नोझल बसवा, रेग्युलेटर लावून प्रेशर उतरवा, जमेल तिथं ब्रश वापरा, असं रिपोर्टात लिहिलं. ऑडिओमेट्रीच्या, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीच्या, यादीत मामांना घातलं आणि 4000 हर्ट्झचा आकडा बघायला सांगितलं. कान खराब व्हायला सुरुवात बहुधा तिथूनच होते.

यादी बघून मॅनेजर म्हणाले, "हे ठेकेदाराचे आहेत, आमच्यात येत नाहीत."

"कायद्यानं ठेकेदाराचा माणूसही कामगारच, साहेब."

त्यांनी पेन काढलं, मामांच्या नावापुढं ठेकेदाराचं नाव लिहिलं आणि यादी एचआरकडं धाडली.