कालनिर्णयावरचे लाल गोल

माझ्या खाऱ्या पाण्याच्या टँकमधले केशरी झोआ, म्हणजे दगडावर वसाहतीने वाढणारे फुलांसारखे समुद्री जीव, चार दिवस मिटून बसले होते. सगळे नाही, दगडाच्या एकाच कडेचे. खारेपणा तपासला, १.०२५. तापमान २६. नायट्रेट नेहमीइतकंच. पाण्यात काहीच खोट नव्हती, म्हणजे खोट झोआंच्या अंगावरच असणार. सेकंड शिफ्ट संपवून विक्रोळीला पोचायला साडेअकरा झाले. घरातले झोपले होते. बॅटरीच्या काचेवर लाल जिलेटीन लावलं आणि टँकसमोर बसले.

पाऊण तासाने एका पॉलिपची, म्हणजे वसाहतीतल्या एका फुलाची, झालर प्रवाहाच्या उलट दिशेला सरकली. ती झालर नव्हतीच. कवच नसलेली गोगलगाय होती, न्यूडिब्रँक, जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढी. पाठीवरचे तंतू हुबेहूब पॉलिपच्या झालरीसारखे, रंगही तोच. ज्या झोआला खाते त्याच्यातलं शेवाळ अंगात साठवते, म्हणून तोच रंग तिच्यावर येतो. हिरव्या झोआवर हिरवी, केशरीवर केशरी. दिवसा ती दिसणं जवळपास अशक्य.

ती आली कुठून, हे मला लगेच कळलं. तीन आठवड्यांपूर्वी एका दुकानातून नवा फ्रॅग, म्हणजे झोआंच्या वसाहतीचा तोडलेला तुकडा, आणला होता. दुकानदार म्हणाला, "डिप केलेला आहे, बिनधास्त टाका." मी टाकला. डिप म्हणजे कीड पाडायला औषधी पाण्यात बुडवणं. त्याने खरंच डिप केलं असेलही, पण डिपने मोठ्या गोगलगायी सुटून पडतात. अंड्यांवर त्याचा परिणाम होत नाही. हे एकच वाक्य कुणी मला आधी नीट समजावलं असतं, तर पुढचे दोन महिने वाचले असते.

दुसऱ्या दिवशी सगळे झोआ बाहेर काढले, निरोगी दिसणारेसुद्धा. ही गोगलगाय झोआंवरच जगते. मोठ्या टँकमध्ये झोआ उरलेच नाहीत, तर तिथे राहिलेल्यांची उपासमार होते. हातात हातमोजे, डोळ्यांवर गॉगल. इथे कृपया हयगय करू नका. काही झोआंमध्ये, विशेषतः त्यांच्या पॅलिथोआ या प्रकारात, पॅलिटॉक्सिन हे अत्यंत जहाल विष असतं. दगड स्वच्छ करायला उकळत्या पाण्यात टाकला आणि वाफ छातीत गेली, म्हणून परदेशात अख्खी कुटुंबं रुग्णालयात दाखल झाली आहेत. उकळायचं नाही, कोरडं घासायचं नाही, स्वयंपाकघरातलं एकही भांडं वापरायचं नाही. मी तीन टब वेगळे आणले आणि त्यांवर मार्करने फुली मारली.

टबात टँकचंच पाणी घेतलं, त्यात कोऱ्या चहाचा फिका रंग येईपर्यंत लुगोल आयोडीन. मी लॅब टेक्निशियन. शौचाच्या नमुन्यातल्या सिस्ट, म्हणजे परजीवींच्या कवचबंद अवस्था, बघायला आम्ही हेच द्रावण वापरतो, त्यामुळे बाटली ओळखीची होती. दहा मिनिटं ठेवलं, मधूनमधून पिपेटने पाण्याचा झोत मारला. नऊ पडल्या. मग भिंग घेऊन देठ तपासले. पॉलिपच्या खालच्या अंगाला पांढरी, दोऱ्यासारखी, चकलीसारखी गुंडाळलेली अंडी. चिमट्याने एकेक खरवडून काढली. जिथे चिमटा पोचेना, तिथे पॉलिपच कापले.

अंडी फुटतात, पिल्लं मोठी होतात, पुन्हा अंडी घालतात. मधल्या दिवसांतच त्यांना गाठायचं असतं. म्हणून दर पाचव्या दिवशी डिप, सहा आठवडे. कालनिर्णयावर लाल गोल केले. सासूबाईंना आधी हे सगळं चमत्कारिक वाटलं होतं, पण तिसऱ्या गोलापासून त्याच आठवण करू लागल्या. "अगं, आज चतुर्थी आणि तुझं बुडवायचंही आहे." दुसऱ्या डिपला चार पडल्या, तिसऱ्याला पुन्हा चार, चौथ्याला एक. त्यानंतर एकही नाही, तरी उरलेले गोल मी सोडले नाहीत.

पाचव्या डिपनंतर जांभळ्या झोआंवर तपकिरी, बुळबुळीत थर आला. उग्र कुजका वास. या रोगाला ब्राउन जेली म्हणतात. घरच्या जुन्या मायक्रोस्कोपखाली एक थेंब ठेवला, तर केसाळ एकपेशीय जीव सैरावैरा धावत होते, पोटात झोआंच्याच शेवाळाच्या तपकिरी पेशी भरलेल्या. अशा वेळी आधी पंप बंद करायचा, नाहीतर प्रवाहाबरोबर थर दुसऱ्यांवर जातो. मग पिपेटने थर ओढून घ्यायचा, निरोगी भागापर्यंत ब्लेडने कापायचं आणि आयोडीन. मी हे सगळं केलं, पण उशीर झाला होता. चाळीसेक पॉलिपची वसाहत दोन दिवसांत गेली. लागोपाठच्या डिपने आधीच दमलेली होती ती. आता कमजोर वसाहतीला मी पाच मिनिटांच्या वर ठेवत नाही.

(लेदर कोरल या चामड्यासारख्या मऊ प्रवाळावर मेणासारखा पापुद्रा आला तर मात्र घाबरू नका. ते कात टाकतं. प्रवाह वाढवा, आठवड्याभरात उघडतं.)

दगडी प्रवाळ का ठेवत नाही, असं पुष्कळजण विचारतात. ते वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत, वाघाच्या पंक्तीत. कोस्टल रोडसाठी वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरचे दगडी प्रवाळ २०२० मध्ये परवानगी काढून दुसरीकडे हलवावे लागले, ते यामुळेच. आयुष्यातला पहिला झोआ मी हाजी अलीलाच पाहिला, ओहोटीला, मागे गाड्यांचा गोंगाट चालू असताना. तिथून काहीही उचलायचं नाही, हे तेव्हाच ठरवलं.

नवा हिरवा फ्रॅग सध्या गॅलरीतल्या टबात आहे, स्पंज फिल्टर आणि एअर पंपवर. पावसात वीज जाते म्हणून बॅटरीवरचा पंपही शेजारी ठेवलाय. आज एकोणिसावा दिवस. परवा लाल गोल आहे, आणि दोन दिवस तिथल्या एका कोपऱ्यातला पॉलिप मिटलेला दिसतोय. रात्री बॅटरी घेऊन बसणार आहे.