दरवर्षी बीज का सोडावं लागतं?

मुंबईच्या पवई तलावाच्या काठावर सकाळी फिरायला येणारी माणसं माझ्या गळाजवळ थांबतात आणि हमखास एकच विचारतात, "तुम्ही लोक दरवर्षी माशांचं बीज, म्हणजे इवली पिल्लं, आणून सोडता, मग तळ्यातले मासे आपले आपण वाढत नाहीत का?" गेल्या आठवड्यात एका काकूंनी विचारलं, तेवढ्यात त्यांची बस आली. उत्तर अर्धं राहिलं, ते इथे पुरं करते.

आम्ही सोडतो ते मासे वाढतात, पण अंगाने. संख्येने नाही. ते म्हणजे रोहू, कटला, मृगळ, मुळात उत्तरेकडच्या मोठ्या नद्यांचे मासे. पावसाळ्यात नदी फुगते, काठ बुडतात, पाणी उथळ पसरून वाहू लागतं, तेव्हा त्यांची मादी अंडी टाकते. साचलेल्या पाण्यात टाकत नाही. आषाढात माझ्या गळाला लागलेली रोहूची मादी मी ओल्या हातांनी तोलून धरलीये. पोट ताणलेलं, बोटाखाली मऊ, खाली गुलाबी झाक. आत लाखांनी अंड्यांची गाभोळी आणि बाहेर पूर नाही. ती अंडी तिच्याच अंगात जिरतात. हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं, अजूनही वाटतं.

मग बीज येतं कुठून? १० जुलै १९५७ रोजी हिरालाल चौधुरी यांनी माशाच्या मेंदूखालच्या पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून या माशांकडून पूर नसतानाही अंडी टाकून घेतली. आज देशभर तळ्यांत सुटणारं बीज त्याच वाटेने आलेलं आहे. त्याआधी नद्यांच्या पुरातून बीज गोळा करावं लागे आणि त्यात नको ते मासेही मिसळलेले असत.

बीजातही फरक असतो. अंड्यातून नुकतं निघालेलं ते जिरे, खरोखर जिऱ्याएवढं. बोटाएवढं वाढलं की बोटुकली. जिरे स्वस्त पडतं, पण तळ्यात मरळ टपून बसलेली असते, ती काही उरू देत नाही. म्हणून आम्ही गळवाले वर्गणी जरा जास्त काढतो, पण बोटुकलीच आणतो. वेळही पाहावी लागते. पवई तलाव भरला की जादा पाणी मिठी नदीत जातं. तेव्हा सोडलेलं बीज पाण्याबरोबर वाहून जाणार. पावसाचा जोर ओसरेपर्यंत थांबणं भाग असतं.

एका वर्षी बीजाची गाडी पहाटेऐवजी भर दुपारी आली. प्लास्टिकच्या पिशव्या, खाली थोडं पाणी, वर भरलेला प्राणवायू. पिशवीतलं पाणी उन्हाने कोमट झालं होतं. खरं तर बंद पिशवी अर्धा तास तळ्यावर तरंगत ठेवायची, आतलं-बाहेरचं पाणी एका उबेला आलं की तोंड उघडून तळ्याचं पाणी ओंजळीने आत घालायचं आणि मग पिशवी आडवी करायची. पोरं आपली आपण बाहेर पडतात. त्या दिवशी सगळ्यांना घरी जायची घाई होती. आम्ही पिशव्या फाडून ओतल्या. संध्याकाळी काठच्या जलपर्णीत बोटाबोटाएवढी पांढरी पोटं अडकलेली होती. तेव्हापासून पिशव्या उघडायचं काम मी दुसऱ्या कुणाला देत नाही.

"मग दुप्पट सोडा की!" असंही सांगतात. तळ्यात किती मासे जगतील हे ठरतं पहाटेच्या प्राणवायूवर. सांडपाण्याने शेवाळ माजतं. दिवसा ते प्राणवायू देतं, रात्री स्वतःच घेतं. उजाडण्याआधी पाण्यात तो सगळ्यात कमी असतो. तेव्हा मासे वर येऊन आ वासताना दिसले तर कुणी विष टाकलंय असं लगेच समजू नका. गुदमरलेले असतात. दुप्पट मासे सोडले तर दुप्पट गुदमरतील. आधी नाल्यांचं पाणी थांबायला हवं.

आपले आपण वाढणारा मासा हवाच असेल तर चिलापी (तिलापिया) आहे. १९५२ साली तो आपल्या देशात आणला गेला. मादी अंडी-पिल्लं तोंडात सांभाळते, आणि ती पिल्लं काही महिन्यांची झाली की त्यांचीही वीण सुरू. पूर नको, इंजेक्शन नको. पण गर्दी झाली की सगळ्यांची वाढ खुंटते आणि रोहूच्या पिल्लांचं खाणं संपतं. म्हणून कटला लागला तर तोंडातला गळ हळूच सोडवून मी त्याला परत पाठवते. चिलापी एकही परत टाकत नाही.

आणि कृपा करून पुण्य म्हणून बाजारातले मासे आणून इथे सोडू नका. घरच्या काचेच्या टाकीतला, काचेला चिकटून शेवाळ खाणारा सकरमासा तर नकोच. तो इथे रुजला की काढता येत नाही. दुकानदाराला परत द्या.

काकू, यंदाच्या पिशव्या आल्या की पहाटे पाचला या. एक पिशवी तुम्ही धरा.