आबांच्या बिल्ल्यातला खांब

आबांची पेटी आईने यंदा दिवाळीच्या साफसफाईत पुन्हा काढली. पेन्शनचे कागद, एक बकल, आणि चिंधीत गुंडाळलेला महार रेजिमेंटच्या टोपीवरचा पितळी बिल्ला. आई तो पितांबरी लावून घासायला बसली तसा मी तिच्या हातातून काढूनच घेतला. आधीच आबांनी पंधरा वर्षं ब्रासो लावलावून त्याची झीज केलीय.

बिल्ल्यावर दोन मशीनगन एकमेकींवर आडव्या. व्हिकर्स. नळीवर बारीक उभ्या पन्हाळी आहेत, नख फिरवलं की कळतात. ते पाण्याचं कवच. सतत गोळीबाराने नळी तापते म्हणून त्यात चारेक लिटर पाणी भरायचं, आणि कापडी पट्ट्यात अडीचशे गोळ्या. आबा म्हणायचे, “बंदूक आधी तहानेली, मग आपण.” आमच्याकडे पाणी भरायचा कंटाळा केला की हेच वाक्य ऐकवलं जायचं, म्हणून ते पाठ आहे.

आणि गनांबरोबर एक उभा खांब. भीमा कोरेगावचा जयस्तंभ.

१८९२ नंतर इंग्रजांनी महारांची भरती बंद केली. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, एक पलटण उभी केली आणि गरज सरल्यावर तीही मोडली. बाबासाहेब १९४१ मध्ये व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर गेले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. नव्या रेजिमेंटला बिल्ला हवा. सिंह, गरुड, मुकुट काहीही घेता आलं असतं. घेतला तो खांब, त्यावर ‘महार’ एवढीच अक्षरं. १ जानेवारी १८१८ ची ती लढाई, तिच्यात पडलेल्या शिपायांची नावं दगडात कोरलेली, त्यातली कितीतरी महारांची, ‘नाक’ने संपणारी. ज्यांना ‘तुम्ही लढाऊ जातीचे नाही’ म्हणून घरी पाठवलं होतं, त्यांनी डोक्यावर पुरावाच लावला. असा बिल्ला दुसऱ्या कुठल्या रेजिमेंटचा असेल असं मला वाटत नाही. (मी पक्षपाती आहे, मान्य.)

१९४६ ला रेजिमेंट मशीनगनवाली झाली तेव्हा खांबाला या दोन गन येऊन मिळाल्या. आबा पुढच्या वर्षी कामठीला भरती झाले, म्हणून त्यांच्या बिल्ल्यात दोन्ही आहे.

माझा भाचा आता त्याच रेजिमेंटमध्ये आहे, मध्य प्रदेशातल्या सागरला ट्रेनिंग झालं त्याचं. दिवाळीत सुट्टीवर आला होता. त्याने आपला बिल्ला आबांच्या शेजारी ठेवला. गन त्याच, तिवईसकट. पण खांबाच्या जागी खंजीर.

“मामा, खांब कुठं गेला?” उलट त्यानेच मला विचारलं.

मला काय सांगावं सुचेना. मग म्हटलं, तुझ्या बराकीत कोण कोण आहे ते सांग. त्याने बंगाली, ओडिया, गुजराती, पहाडी अशी सगळी मोजली. आज या रेजिमेंटमध्ये सगळ्या जाती-प्रांतांची पोरं आहेत. श्रीलंकेत १९८७ ला ज्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं ते आठव्या महारचे मेजर रामास्वामी परमेश्वरन. खंजीर कुणाच्याही टोपीवर शोभतो. हे मला पटतं. तरी खांब गेल्याचं वाईट वाटतं ते वाटतंच.

गंमत म्हणजे गन राहिल्या. साठच्या दशकात रेजिमेंट पुन्हा साधी पायदळ झाली, व्हिकर्सही गेल्या, पण बिल्ल्यातून त्यांना कुणी हलवलं नाही. मराठा लाइट इन्फंट्रीच्या बिल्ल्यावरही अजून बिगुल आहेच की.

भाच्याच्या धाकट्या बहिणीने मग शाळेत नाण्याचा ठसा काढतात तसं केलं. बिल्ल्यावर वहीचा कागद ठेवून पेन्सिल आडवी घासली. गन लगेच उमटल्या, पन्हाळींसकट. खांबावर आबांचा अंगठा पंधरा वर्षं फिरलेला, तिथे नुसतीच एक फिकट उभी रेघ आली. तिने पेन्सिल टोकदार केली आणि त्याच जागी पुन्हा घासायला लागली.