शाब्लीतली शेकोटी

आमच्या निफाडात थंडीत पारा चार-पाचवर आला की आप्पा रात्री दोनला उठून द्राक्षबागेत शेकोट्या पेटवायचे, ओला पालापाचोळा टाकून नुसता धूर करायचा, पहाटे ड्रिप सोडायचं, नाहीतर मणी तडकतात. मी तेव्हा गोधडीतून नाकसुद्धा बाहेर काढायचे नाही, हे आधीच कबूल करते. कारण पुढे तेच काम करायला मी फ्रान्सला गेले, तेही इंटर्नच्या तुटपुंज्या पैशात.

गाव शाब्ली. पॅरिसच्या आग्नेयेला साधारण 180 किलोमीटर, सेरँ नावाची छोटी नदी, दोन्ही बाजूंना टेकड्या आणि सगळीकडे एकच द्राक्ष, शार्दोने. कागदोपत्री हा भाग बर्गंडी या वाइनच्या प्रांतात येतो, पण बर्गंडीच्या वाइनचं मुख्य गाव बोन इथून लांब आणि शँपेनच्या बागा त्यापेक्षा जवळ, म्हणजे थंडी कुठली ते समजून घ्या. खरं सांगायचं तर मला शाब्ली, म्हणजे या गावाच्या नावाची पांढरी वाइन, आवडायची नाही. नाशिकला कोर्स करताना पहिल्यांदा चाखली तेव्हा वाटलं की लिंबू पिळलेलं पाणी आहे, यात एवढं काय? सर म्हणाले "मिनरल आहे", म्हणजे दगडामातीची चव, मी वहीत मिनरल लिहिलं आणि विषय संपला.

तर 2021 चा एप्रिल. मार्चच्या शेवटी चांगलंच ऊन पडलेलं, काड्यांवरचे डोळे, म्हणजे कोंब, लवकर फुगले, काही ठिकाणी तर पोंगा उघडून कोवळं पान दिसायला लागलेलं, आणि तेवढ्यात पहिल्या आठवड्यात हिव आलं. लागोपाठ तीन रात्री. तिसऱ्या रात्रीपर्यंत माझी झोप, हात आणि फ्रेंच तिन्ही संपलं होतं. वरच्या प्रीमिए क्रूच्या, म्हणजे चढ्या दर्जाच्या जमिनीच्या, तुकड्यात मेणाचे डबे पेटवायचे होते, म्हणजे रंगाच्या डब्यासारखे पत्र्याचे डबे, आत पॅराफिन, हेक्टरी 300-400 लागतात, त्यामुळे हा खर्च भारीच्या जमिनीवरच परवडतो, साध्या शाब्लीला देवाच्या भरवशावर सोडतात. पेटवायला दोन-दोन माणसं, ओळीत पळायचं. समोरच्या टेकडीवर दुसऱ्यांचे डबे पेटलेले, लांबून अख्खा डोंगर दिवाळीसारखा दिसत होता आणि कुणाच्याच तोंडावर दिवाळी नव्हती.

खालच्या तुकड्यात मात्र पाणी. हा मला आधी वेडेपणाच वाटलेला, बाहेर उणे पाच आणि तुम्ही कोवळ्या डोळ्यांवर तुषार मारताय? पण पाणी गोठताना उष्णता सोडतं, त्यामुळे डोळ्याभोवती बर्फाचं कवच होतं आणि आतलं तापमान शून्याच्या आसपास टिकतं. अट एकच, पाणी थांबायचं नाही, सूर्य वर येऊन बर्फ वितळेपर्यंत चालूच. थांबलं तर ओला डोळा उघड्यापेक्षा जास्त गार पडतो. आणि पहाटे साडेपाचला माझ्या वाट्याच्या ओळीत एका तुषाराचं नोझल गोठून बंद पडलं. मी हातोडी घेऊन ठोकलं, तोंडाने फुंकलं, मालकाला हाका मारल्या, पंधरा-वीस मिनिटं तरी गेली असतील. ऊन आलं, बर्फ गळला, आजूबाजूचे डोळे हिरवे आणि त्या नोझलखालचा पट्टा दुपारपर्यंत तपकिरी, चुरगाळल्यावर तंबाखूसारखा. मालक काही बोलला नाही. त्याने फक्त काडी वाकवून बघितली आणि पुढे गेला, ओरडला असता तर बरं झालं असतं.

दहाच्या सुमाराला त्याने सगळ्यांना तळघरात नेलं आणि स्टीलच्या टाकीतून 2020 ची वाइन काढून दिली. हात काजळीने काळे, ग्लासला ठसे. मी घोट घेतला आणि तीच चव, हिरवं सफरचंद, लिंबाची साल, शेवटी जरा खारट, आणि नवीन चुना मारलेल्या भिंतीवर पाणी पडल्यावर येतो तो वास. आंबटपणा असा की गालाच्या आत सुरकुती पडावी. आणि यातलं कडक मॅलिक अ‍ॅसिड बॅक्टेरियांनी मऊ लॅक्टिक करून झालेलं होतं बरं का, तरीही एवढी धार! आमच्याकडे ऊन इतकं की पिकता पिकता द्राक्ष स्वतःचं मॅलिक जाळून टाकतं, म्हणून वायनरीत टार्टरिक अ‍ॅसिड टाकून आंबटपणा भरून काढतात. इथे उलटं, थंड वर्षात द्राक्ष नीट पिकायचंच नाही म्हणून रसात साखर घालायची पद्धत. मी ज्याला पाणचट म्हणत होते ते असं कसंबसं पिकलेलं फळ होतं. थोडी थंडी वाढली असती तर पिकलंच नसतं.

मिनरलबद्दल मात्र मी अजून भांडते. इथल्या किमरिजियन नावाच्या चुनखडीच्या मातीत स्वल्पविरामासारखे वळलेले बारके शिंपले आहेत, साधारण 15 कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रातले, खडा उचला आणि फोडा, दिसतातच. पर्यटकांना सांगतात की तीच चव वाइनमध्ये उतरते. मुळं दगड चोखून चव वर पाठवत नाहीत हो. त्या मातीत पाण्याचा निचरा होतो आणि थोडी ओलही टिकते, हे मी मानते, पण शिंपल्याची चव ग्लासात, हे जरा जास्तच झालं. (मालकासमोर मी हे बोलले नाही.)

खोलीवर जाऊन आप्पांना फोन लावला. तिकडे दुपारचे अडीच वाजलेले. ते माळकरी, वाइनचं नाव काढत नाहीत, पण बाग म्हटली की झोपेतून उठतात.

"किती गेलं गं?"

"खालच्या माझ्या ओळीतलं निम्मं तरी. आता दुय्यम डोळे फुटतील, पण त्याला घड कमी."

"ते मला नको शिकवू. वरनं पाणी मारता म्हणतेस, मग तुझ्याच ओळीत का जळलं? लाइट गेली होती का?"

"इथं लाइट जात नाही, आप्पा. नोझल गोठलं."