दौलत अपडेट: दुसरा उंदीरही गेला, आणि कुलरनं डोकं खाल्लं

घेतला! काल रात्री दौलतनं, म्हणजे माझ्या पाळलेल्या बॉल पायथननं (अजगराची एक छोटी जात), सलग दुसरा उंदीर घेतला, आणि तोही कडकडीत कोरड्या रात्री, वारा नाही ढग नाही, म्हणून आज निवांत बसून सविस्तर लिहायलोय. मागच्या वेळी, लांबलेल्या उपासानंतर पहिला उंदीर घेतला तेव्हा, इथं बरेच जण म्हणले होते की एकदा खाल्लं म्हणजे गाडी रुळावर आली असं धरू नको, ते पटलं होतं म्हणूनच गप होतो.

ज्यांनी आधीचं वाचलंय त्यांना माहितीय, मार्च संपता संपता यानं खाणं बंद केलं. नर बॉल पायथन ब्रीडिंग सीझनला, थंडीत, महिनोन्‌महिने उपाशी राहतात हे आपल्याला नवीन नाही, पण हा अख्खी थंडी नीट खात होता आणि सीझन सरल्यावर अडून बसला. वजन १४२० ग्रॅमवरून १३५५, म्हणजे पाच टक्केसुद्धा नाही, अंग भरलेलं, तोंडात चिकटा नाही, श्वासाला शिट्टीसारखा आवाज नाही, विष्ठेची तपासणी क्लिअर. जिवाला घोर होताच, पण असिस्ट फीडला मी हात लावला नाही. धडधाकट जनावराच्या तोंडात बळंच उंदीर कोंबला की ते उंदराचीच धास्ती घेतं, मग पुढचं सगळं अवघड. वजन दहा टक्के उतरलं असतं तर सरळ डॉक्टरकडं नेला असता. आणि जिवंत उंदीर सोड म्हणणाऱ्यांना परत तेच सांगतो, कोपऱ्यात अडकलेला उंदीर चावा घेतो, सापाचा डोळा जाऊ शकतो, नाही म्हणजे नाही.

तोवर जे जे करतात ते सगळं केलं होतं. ब्रेनिंग केलं (मेलेल्या उंदराचं डोकं फोडून मेंदूचा वास सुटू देणं), उंदराचा साइज कमी केला, तो राहतो तो टब चारी बाजूंनी झाकला, टबाच्या गरम बाजूला, हॉट साइडला, कुंभाराकडून आणलेला माठ पालथा घालून हाइड, म्हणजे लपायची जागा, केली (हा माठ लई भारी निघाला, बाहेरून ओला केला की आत दमट राहतंय, प्लॅस्टिकच्या हाइडपेक्षा मला शंभर टक्के बरा वाटतो). तरी उंदीर पुढं केला की तोंड वळवून माठात.

मग ती वळवाच्या पावसाची, पहिल्या उंदराची रात्र. संध्याकाळीच लाइट गेली, कुलर बंद, आणि मी मोबाइलच्या उजेडात बघतो तर दौलत माठाच्या तोंडाशी मान इंग्रजी एससारखी दुमडून, झडप घालायच्या पवित्र्यात बसलेला. उंदीर फ्रीजमध्ये वितळून तयारच होता, गॅसवर पाणी कोमट केलं, उंदीर शेकला, पुढं धरला आणि फटकन स्ट्राइक, दोन वेढे, काम खल्लास. तुमच्यातल्या निम्म्या लोकांनी पावसाला श्रेय दिलं, हवेचा दाब उतरला की साप चळवळ्या होतो वगैरे. असेलही. पण माझ्या डोक्यात कुलर बसला होता, कारण परभणीत मार्चच्या शेवटीच आपले कुलर खिडकीत चढतात आणि तेव्हाच याचं खाणं थांबलं.

पहिला संशय हादऱ्याचा होता. कुलरचा लोखंडी स्टँड आणि दौलतचा टब ठेवलेला रॅक एकाच फरशीवर, आणि सापाला जमिनीची थरथर जबड्यातून कळते. पण खरी गोष्ट सापडली ती घरात पडून असलेल्या कोरोनातल्या कपाळाच्या टेम्प गनमुळं. कुलर चालू ठेवून एक उंदीर नुसता मोजायला म्हणून गरम केला, पाण्यातून काढल्या काढल्या डोक्यावर ३९ आलं. चिमट्यात धरून टबासमोर उभा राहिलो, परत मोजलं तर गन 'लो' दाखवायली. बॉडी मोडला ती ३२ च्या खाली आकडाच देत नाही, म्हणून सरफेस मोडवर टाकली: २९! खोलीत ३०, आणि दोन-तीन मिनिटांपूर्वी ३९ चा असलेला उंदीर २९. ओले केस, त्यावर कुलरचं वारं, म्हणजे वाळ्याच्या पडद्यात जे होतं तेच उंदराच्या अंगावर होतंय, पाणी उडतंय आणि जाताना उष्णता घेऊन जातंय.

आता दौलतच्या बाजूनं बघा. पायथनच्या वरच्या ओठावरचे हीट पिट (उष्णता ओळखणारे खळगे) नुसता गरमपणा धरत नाहीत, मागच्या पार्श्वभूमीपेक्षा वेगळा गरमपणा धरतात. थंडीत खोली २४ आणि उंदीर ३८, तो ठळक दिसतो. उन्हाळ्यात खोली ३० आणि उंदीर २९, म्हणजे अंधारात त्याच्यापुढं उंदराच्या वासाची गार वस्तू लटकायली. त्यानं ती काहून घ्यावी?

म्हणून काल पद्धत बदलली. उंदीर रात्रभर फ्रीजमध्ये वितळवला, मग झिपलॉक पिशवीत घालून गरम पाण्यात, केसांना पाण्याचा थेंब लागू दिला नाही, शेवटी हेअर ड्रायर फक्त डोक्यावर, गन ४० म्हणेपर्यंत. कुलर जेवणापुरता बंद. चिमटा पुढं केला आणि जीभ जोरात चालली, मान हळूहळू मागं गेली, ते मागं जाणं बघितलं तेव्हाच कळलं की आज घेणार. गिळून झाल्यावर जबडे जागेवर बसवायला दिलेली ती मोठी जांभई बघून खरंच डोळे भरून आले.

अजून एक आनंदाची गोष्ट, गेल्या आठवड्यात कात एकसंध निघाली, डोळ्यांच्या टोप्या आणि शेपटीच्या टोकासकट. मे महिन्यात, बाहेर हवा पापडासारखी कोरडी असताना. यात कुलरचा आणि माठाचा वाटा आहे, त्यामुळं कुलर काढून टाकायचा प्रश्नच नाही. दुपारी तो नसला तर कूल साइडच ३६ ला जाईल, मग उपास परवडला.

उंदरांबद्दल थोडं. पुण्याहून ट्रॅव्हल्सनं थर्मोकोल बॉक्समध्ये येतात ते ठीक, पण 'स्मॉल' लिहिलेल्या पाकिटात ६० ग्रॅमचाही निघतो आणि १०० चाही. लेबलवर जाऊ नका, प्रत्येक उंदीर काट्यावर ठेवून पिशवीवर वजन लिहा.

पुढच्या वेळी कुलर चालू ठेवूनच कोरडा गरम उंदीर द्यायचा असं ठरवलं होतं. पण लिहिता लिहिता सुचलं, त्यापेक्षा पंप बंद आणि नुसता पंखा चालू ठेवला तर? हादरा तोच राहील, हवा मात्र ओली-गार नसेल, आणि उंदीर कोरडाच आहे. तरीही घेतला तर हादऱ्याचा संशय मिटला, नाही घेतला तर स्टँडखाली रबराचे तुकडे घालतो. हेच करतो. फक्त आता दोन आठवडे त्याला हात लावायचा नाही, पोट भरलंय, रिगर्ज (गिळलेलं ओकून टाकणं) नको.

तोवर जालना, बीड, नांदेड, लातूरकडच्यांनी एक करा. कुलर चालू असताना नेहमीच्या पद्धतीनं उंदीर गरम करा, दोन मिनिटं चिमट्यात धरा आणि डोक्यावर गन मारून आकडा सांगा, सोबत खोलीचं तापमान पण. ज्यांचे उन्हाळ्यातही नीट खातात त्यांचा आकडा मला जास्त पाहिजे.